खाऱ्या पाण्यातली वीज

मालवणला, देवबागला किंवा हर्णैला फायबरच्या होड्यांच्या मागे जे इंजिन लटकलेलं दिसतं, त्याच्या धाडसाला दाद द्यायला हवी. अंग ॲल्युमिनियमचं, आतल्या दांड्या आणि गिअर पोलादाचे, पंखा आणि बोल्ट अनेकदा स्टेनलेसचे, कुठे पितळ, कुठे तांब्याच्या तारा. एकमेकांशी मुळीच न पटणारे हे पाच-सहा धातू एकत्र आवळायचे, त्यांच्या पोटात पेट्रोल जाळायचं आणि हे सगळं बिऱ्हाड अर्धं समुद्रात बुडवायचं. तेवढ्यावरही भागत नाही. मोटारगाडीच्या इंजिनात निदान बेतून बनवलेलं कूलंट फिरतं. इथे पंखा ज्या पाण्यात फिरतो तेच खारं पाणी पंपाने वर ओढून इंजिनाच्या अंगातून फिरवतात आणि मागून सोडून देतात. मिनिटाला दहाच लिटर पाणी धरा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ असतं. म्हणजे तासाभरात वीस किलोंहून जास्त मीठ त्या इंजिनाच्या नसानसांतून वाहून जातं. मागे किती उरतं, हा पुढचा प्रश्न.

जन्माने हे यंत्र गोड्या पाण्यातलं. १९०९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने होडीला मागून अडकवायची मोटर विकायला काढली. दीड हॉर्सपॉवरची, वजन अठ्ठावीस किलोंच्या आसपास. विस्कॉन्सिन म्हणजे तळ्यांचा मुलूख. होणाऱ्या बायकोसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारून हात भरून आले, आइस्क्रीमही वितळलं आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. खरी असो की मागाहून रचलेली, त्या तळ्याच्या पाण्यात मीठ नव्हतं एवढं नक्की. समुद्रात उतरल्यावर या यंत्राची जी कुतरओढ सुरू झाली ती अजून संपलेली नाही.

गंज म्हटलं की आपल्याला ओल आठवते. पाणी लागलं, हवा लागली, लोखंड तांबूस झालं. पण समुद्रात जे घडतं ते मुळात विजेचं काम आहे. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात बुडवा आणि वर कुठेतरी एकमेकांना टेकवा, की झाली बॅटरी तयार. ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन सोडायला उतावीळ, स्टेनलेस त्या मानाने संथ. समुद्राच्या पाण्यात या दोघांमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक पडतो. टॉर्चमधला सेल दीड व्होल्टचा असतो हे लक्षात घेतलं तर हा आकडा किरकोळ नाही. इलेक्ट्रॉन धातूतून स्टेनलेसकडे जातात, तिथे पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते उचलतो, आणि फेरा पूर्ण करायला भारित कण पाण्यातून प्रवास करतात. देणारा धातू मात्र देता देता स्वतःच पाण्यात विरघळत जातो. गोड्या पाण्यातही हे घडतं, पण तिथे पाण्यातून वीज जेमतेम सरकते. समुद्राचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा शंभरेक पटींनी सहज वीज वाहून नेतं. मीठ स्वतः धातू खात नाही. ते रस्ता मोकळा करतं.

किती धातू जातो याचा हिशोब मायकेल फॅरेडेने घालून दिलेल्या नियमाने अगदी चोख मांडता येतो. एक अँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर जवळजवळ तीन किलो ॲल्युमिनियम विरघळतं. लोखंड असेल तर नऊ किलोंवर, जस्त असेल तर साडेदहा किलोंवर. होडीच्या इंजिनात वाहणारे प्रवाह याच्या हजाराव्या हिश्शाचे असतात म्हणून इंजिन वर्षभरात नाहीसं होत नाही. पण दोन-चार मिलिअँपिअर सगळे मिळून एकाच ओरखड्यावर एकवटले, तर तेवढेही पुरतात. आणि ते एकवटतातच. इंजिनाच्या पायाला कारखान्यात लावलेला रंग चांगला जाड असतो. पण स्टेनलेसचा पंखा उघडाच असतो. खडकाला घासून रंग एका ठिकाणी खरवडला गेला, की भल्यामोठ्या पंख्याला लागणारे सगळे इलेक्ट्रॉन त्या नखाएवढ्या जागेतून जायला लागतात. तिथे भोक पडायला वेळ लागत नाही.

दुसरा धातू जवळ नसला तरी ॲल्युमिनियमची सुटका नाही. हा धातू हवेत टिकतो तो त्याच्या अंगावरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे. तो असतो काही नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातला एखादा. ओरखडा पडला तर तो क्षणात पुन्हा धरतो. यंत्रांच्या दुनियेत स्वतःची जखम स्वतः भरणारी कातडी ॲल्युमिनियमला अशी फुकट मिळाली आहे. मिठातला क्लोराइड मात्र या कातडीत जिथे कच्चा बिंदू सापडेल तिथे शिरतो. एकदा छिद्र पडलं की आतलं साचलेलं पाणी आम्लधर्मी होत जातं, आम्ल आणखी धातू विरघळवतं, विरघळलेला धातू आणखी आम्ल तयार करतो. बाहेरून मात्र फक्त रंगाला आलेला फोड दिसतो, तुरीच्या दाण्याएवढा. नखाने तो फोडला की आत पांढरी भुकटी. ती झटकली की खाली टाचणीच्या टोकाएवढं तोंड. ते तोंड किती खोल गेलंय हे तार घालून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि पाहायची हिंमत होत नाही. म्हणूनच समुद्रातल्या इंजिनांसाठी ॲल्युमिनियमची जात निवडताना त्यात तांबं कमीत कमी राहील हे पाहतात. तांब्याचे कण आत विखुरलेले असले की धातूच्या पोटातच बारीक बारीक बॅटऱ्या तयार होतात. त्याच कारणाने शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून होडीच्या बुडाला लावतात तो तांब्याचा रंग इंजिनाच्या पायाला कधीही फासू नये. उरलेला रंग वाया कशाला घालवायचा, या हिशोबाने अनेकदा तो तिथे पोचतो.

वीज वाहणारच असेल तर तिला दुसरीकडे वळवायची, ही युक्ती दोनशे वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्या चाचणीशी आपल्या किनाऱ्याचा संबंध आहे. त्या काळी लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकत. ते समुद्रात झिजत. ब्रिटिश नौदलाने हा प्रश्न हम्फ्री डेव्हीपुढे ठेवला. डेव्हीला १८२४ च्या सुमारास असं आढळलं की वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा तांब्याला टेकवून ठेवला, तर चाळीस-पन्नास चौरस इंच तांबं जसंच्या तसं राहतं. जस्त तांब्यापेक्षा कितीतरी उतावीळ. इलेक्ट्रॉन तेच देत राहतं, विरघळतं, आणि तांब्यावर वेळच येत नाही. प्रत्यक्ष जहाजावर हे आजमावायला ज्या बोटी निवडल्या त्यातली एक होती ‘समारंग’, कोचीनच्या गोदीत सागवानात बांधलेली आणि १८२२ साली पाण्यात सोडलेली. तिच्यावर जस्ताऐवजी ओतीव लोखंडाच्या पट्ट्या बसवल्या; लोखंडही तांब्यापेक्षा उतावीळच. तांबं खरोखरच शाबूत राहिलं. पण असं रक्षण बसवलेली जहाजं परत आली तेव्हा बुडं शेवाळाने आणि बार्नॅकलच्या कवचांनी भरून गेलेली. तांबं थोडं थोडं विरघळत होतं म्हणूनच तर ते जीव तिथे चिकटत नव्हते! विरघळणं थांबवलं आणि विषही थांबलं. नौदलाने काही वर्षांत हा नाद सोडला आणि डेव्हीला टोमणे खावे लागले. माझ्या मते विज्ञानाच्या इतिहासातलं इतकं यशस्वी अपयश दुसरं नसेल. कारण आज तेलवाहू जहाजांपासून समुद्राखालच्या पाइपलाइनींपर्यंत सगळं याच युक्तीवर उभं आहे, आणि देवबागच्या होडीचं इंजिनही.

इंजिनाच्या पायावर, पंख्याच्या जरा वर, एक खरखरीत, रंग न लावलेला, करड्या धातूचा ठोकळा दिसतो. हाच तो बळी जाणारा अ‍ॅनोड. बंदरात त्याला सरसकट ‘झिंक’ म्हणतात, मग तो कशाचाही असो. काही इंजिनांत तो पंख्यामागे पात्यासारखा बसवलेला असतो आणि सुकाणू एका बाजूला ओढलं जाऊ नये हे कामही करतो. नवा असताना त्याच्या कडा टोकदार असतात. मोसमाच्या मध्यावर पाहिला तर खड्डे पडलेला, उंदराने कुरतडल्यासारखा. ही चांगली खूण आहे. निम्मा खाऊन झाला की बदलायचा. खरी काळजी करायची ती वर्षभर नवाकोरा राहिलेल्या ठोकळ्याची. त्याचा अर्थ तो काम करत नाही आणि त्याच्याऐवजी दुसरं कोणीतरी झिजतंय. कारणं साधी असतात. रंगकाम करताना कोणीतरी त्याच्यावरही हात फिरवलेला असतो, किंवा त्याचा बोल्ट आणि इंजिनाचं अंग यांच्यामध्ये गंजाचा थर बसून विजेचा संपर्क तुटलेला असतो.

ठोकळा कशाचा असावा, हा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटतो. समुद्रात जस्त चालतं. नदीच्या किंवा तळ्याच्या पाण्यात जस्तावर कठीण कवच धरतं आणि ते झोपी जातं. तिथे मॅग्नेशियम लागतं. मॅग्नेशियम समुद्रात लावलं तर ते इतक्या जोराने इलेक्ट्रॉन ढकलतं की ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर अल्कली साचते, रंग सुटायला लागतो आणि रक्षणच घातक ठरतं. आणि आपल्या खाड्या? कर्ली नदी देवबागपाशी समुद्राला मिळते तिथलं पाणी उन्हाळ्यात भरतीला पुरतं खारं, आणि पावसाळ्यात ओहोटीला जवळजवळ गोडं. अशा मचूळ पाण्यासाठी ॲल्युमिनियमचाच अ‍ॅनोड वापरतात. पण ॲल्युमिनियमच्या अंगावर तर तो स्वतःहून भरून येणारा पापुद्रा असतो. तो इलेक्ट्रॉन देईलच कसा? त्यावर उपाय म्हणून त्यात थोडं जस्त आणि अगदी चिमूटभर इंडियम मिसळतात. चिमूटभर म्हणजे लाख भागांत वीस भागांच्या आसपास. एवढ्याने ती कातडी नीट धरतच नाही आणि ॲल्युमिनियम जस्ताहूनही जास्त उदार होतं. शिवाय फॅरेडेच्या हिशोबाप्रमाणे किलोमागे ते जस्ताच्या तिपटीने टिकतं. ज्या गुणामुळे इंजिनाचं अंग वाचतं, तोच गुण मोडून त्याच धातूचा रक्षक बनवायचा. धातूशास्त्रज्ञांच्या या खोडसाळपणाला तोड नाही.

अ‍ॅनोडची एक मर्यादा मात्र नीट समजून घ्यावी. तो वाचवतो ते त्याच्यासोबत त्याच पाण्यात बुडालेल्या भागाला. होडी नांगरून इंजिन वर उचललं, पायाचं टोक पाण्यात राहिलं आणि ठोकळा हवेत, तर त्या टोकाला वाली नाही. उचलायचं तर पूर्ण उचलावं. आणि पाण्याच्या वरचं सगळं, म्हणजे बिजागऱ्या, सुकाणूची दांडी, बोल्ट, वायरिंग, झाकणाखालचं इंजिन, यांना अ‍ॅनोडचा काडीइतका उपयोग नाही. तिथे लढाई वेगळी आहे.

बोल्टांपासून सुरुवात करू, कारण कारागिराच्या सगळ्यात जास्त शिव्या तेच खातात. ॲल्युमिनियमच्या अंगात स्टेनलेसचा बोल्ट कोरडा बसवला की आट्यांच्या फटीत खारं पाणी शिरतं. बॅटरी सुरू होते, ॲल्युमिनियम विरघळतं आणि त्याची पांढरी भुकटी तयार होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. आट्यांमध्ये जागा तर नसते. मग ती बोल्टाला चारी बाजूंनी असा आवळते की पाना लावून जोर केला की बोल्टाचं डोकंच हातात येतं. मग गॅसने शेकवा, ड्रिल मारा, नव्या आट्या पाडा. बोल्टाची किंमत चाळीस रुपये आणि कारागिराचा एक दिवस. हे टाळायला बसवताना आट्यांना मरीन ग्रीस किंवा त्यासाठीचं खास मलम माखायचं, बस्स. लोकरीतून निघणारं लॅनोलिनही या कामाला फार चांगलं. मेंढीच्या अंगावर पाऊस टिकू न देणारी हीच चरबी. ग्राफाइटचं काळं ग्रीस किंवा तांब्याची पूड असलेलं मलम मात्र इथे नको. ती दोन्ही ॲल्युमिनियमला स्टेनलेसहून बरी सोबत नाहीत. विजेचा मार्ग तोडायला गेलो आणि नवा जोडून बसलो असं होतं.

धातूंच्या मध्ये काहीतरी आडवं घाला, हा धडाही जुन्याच जहाजांचा. ब्रिटिश नौदलाचं ‘अलार्म’ हे तांब्याचे पत्रे ठोकलेलं जहाज वेस्ट इंडिजच्या फेरीनंतर १७६३ साली तपासलं, तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे कुजून चोथा झालेले निघाले. काही खिळे मात्र ठणठणीत होते. तांब्याचे पत्रे ज्या खाकी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही ठिकाणी काढायचा राहून गेला होता आणि नेमका तिथेच खिळा वाचला होता. व्होल्टाची बॅटरी जन्मायला अजून सदतीस वर्षं होती. कामगाराच्या आळशीपणाने जे दाखवून दिलं ते समजायला माणसांना पुढे दोन पिढ्या लागल्या.

आता पाण्याबाहेरचं मीठ. कोकणातल्या घरात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तांदळाचे दाणे घालूनही. हवेतली आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतली वाफ ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात त्याशिवाय मॅग्नेशियम क्लोराइड असतं, आणि त्याला तेहतीस टक्के आर्द्रताही पुरते. आपल्या किनाऱ्यावर भर मे महिन्यातही हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे होडी किनाऱ्यावर ओढली, इंजिन उन्हात ‘वाळलं’, तरी त्याच्यावरचा मिठाचा थर खरा वाळत नाही. डोळ्यांना न दिसणारं, अतिशय खारट पाण्याचं एक अस्तर धातूवर रात्रंदिवस टिकून राहतं आणि बॅटरी चालू राहते. समुद्रात बुडलेल्या भागापेक्षा शिंतोडे उडणारा भाग कित्येकदा लवकर का कुजतो, त्याचं उत्तर इथे आहे. पातळ अस्तरातून प्राणवायू धातूपर्यंत झटकन पोचतो.

म्हणून गोड्या पाण्याने धुणं. हा उपाय इतका साधा आहे की त्याला कोणी उपाय मानत नाही. पण मीठ पाण्यात विरघळतं, तेल-ग्रीसमध्ये नाही. मिठावरून तेल फासलं तर मीठ तेलाखाली सुखाने राहतं. आधी धुवा, वाळवा, मग तेल. आतून धुण्यासाठी पाण्याच्या जाळीवर रबरी कप बसवून नळी लावतात, किंवा दोनशे लिटरच्या पिंपात गोडं पाणी भरून त्यात इंजिनाचा पाय सोडून दहा-पंधरा मिनिटं मंद चालवतात. इतका वेळ का? इंजिनात थर्मोस्टॅट नावाची झडप असते. ती साधारण पन्नास-साठ अंशांना उघडते. तोवर पाणी इंजिनाच्या गाभ्यातून नीट फिरतच नाही. दोन मिनिटांत नळी काढून घेतली तर धुतलं गेलं ते फक्त बाहेरबाहेरचं. मोटारगाडीत हीच झडप ऐंशी-नव्वद अंशांना उघडते. इंजिनाला गरम चालणं मानवतं. मग इथे मुद्दाम थंड का ठेवायचं? कारण समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियमचे काही क्षार पाणी तापलं की जास्त विरघळायच्या ऐवजी बाहेर पडतात आणि भिंतींवर दगडासारखे बसतात. एकदा तो थर धरला की पाण्याच्या वाटा अरुंद, इंजिन जास्त गरम, आणि थर आणखी जाड. पाणी न देता इंजिन ‘जरा लावून बघू’ म्हणून सुरू करणाऱ्याला कारागीर ओरडतो ते पाणी वर ओढणाऱ्या पंपापायी. पंपातलं रबरी चक्र पाण्यावरच घसरतं. वंगण म्हणून त्याला दुसरं काही नाही. कोरडं फिरलं की काही सेकंदांत जळतं.

ग्रीस हा तर स्वतंत्र चमत्कार. पिवळा-निळा लगदा दिसतो, पण त्यात ऐंशी-नव्वद टक्के तेलच असतं. उरलेला साबण. धातूच्या साबणाच्या सूक्ष्म तंतूंचं जाळं तेल धरून ठेवतं आणि दाब पडेल तिथे थोडं थोडं सोडतं. साबण कोणत्या धातूचा यावर सगळं अवलंबून. सोडियमच्या साबणाचं ग्रीस पाण्यात विरघळून जातं, आणि जाणारच. अंघोळीचा साबणही सोडियमचाच असतो. कॅल्शियम आणि लिथियमचे साबण पाण्याला दाद देत नाहीत. अलीकडे कॅल्शियम सल्फोनेटची ग्रीसं आली आहेत, त्यांत चुनखडीचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ती पाणी मिसळलं तरी घट्ट राहतात. गॅरेजमधल्या कुठल्याही डब्यातलं ग्रीस होडीला चालतं असं समजणाऱ्याने बिजागरी जाम झाल्यावर नशिबाला दोष देऊ नये. ग्रीसगन निपलला लावली की नुसतं दोनदा दाबून थांबायचं नाही. पलीकडच्या फटीतून आधी मळकट, पाण्याने फिकट झालेलं ग्रीस येतं, मग कधी गंजाचा लालसर रंग, आणि शेवटी स्वच्छ नवं. नवं दिसलं की थांबायचं. ग्रीसचं काम घर्षण कमी करण्याइतकंच जागा अडवण्याचंही आहे. जिथे ग्रीस आहे तिथे पाणी नाही, आणि पाणी नाही तिथे बॅटरी पुरी होत नाही.

झाकणाखालच्या भागावर फवारायला डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतं. १९५३ साली अमेरिकेत क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्याला गंज चढू नये म्हणून ते बनवलं गेलं, आणि पाणी हुसकावण्यात ते पटाईत आहे. पण त्याचा थर पातळ. पावसाळाभर टिकायला मेणासारखा थर धरणारा फवारा हवा. जळकं ऑइल फासण्याची पद्धतही आहे. फुकट मिळतं, काळं-चिकट दिसतं, म्हणून विश्वास बसतो. पण त्यात ज्वलनातून आलेली आम्लं असतात आणि रबराच्या नळ्यांना ते फुगवतं. लोखंडी नांगराला फासलं तर कोणी हरकत घेणार नाही, इंजिनाला नको.

पंख्यामागच्या गिअरबॉक्सात जे ऑइल असतं ते समुद्रापासून वेगळं ठेवते ती पंख्याच्या दांड्याभोवतीची रबराची एक पातळ ओठासारखी कड. सगळा भरवसा त्या ऑइल सीलवर. आणि तिचा वैरी म्हणजे पाण्यात तरंगणारा तंगूस. तो पंख्याच्या मागे गुंडाळत जातो, तापतो आणि सीलची कड कापतो. मग दर वेळी गरम झालेला गिअरबॉक्स पाण्यात थंड होताना थोडंसं समुद्राचं पाणी आत ओढतो. हे ओळखायचं तर होडी रात्रभर उभी राहू द्यावी आणि सकाळी गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू हळूच ढिला करावा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आत असेल तर तेच आधी येतं. ते आलं नाही तरी तेलाचा रंग बघायचा. दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय. चहात दूध जास्त झाल्यासारखा तो रंग एकदा पाहिला की विसरत नाही. स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असेल तर त्यावर धातूची बारीक लव दिसते. तेवढी चालते, कणी दिसली तर नाही.

भरताना मात्र उलटं करायचं, आणि यात नवख्याची हमखास फसगत होते. ऑइल वरून ओतलं तर आतली हवा बाहेर पडायला वाट उरत नाही आणि गिअरबॉक्स भरल्यासारखा वाटून अर्धा राहतो. म्हणून नळी खालच्या भोकाला लावून ऑइल वर चढवायचं. वरच्या भोकातून आधी बुडबुडे, मग सलग ऑइल. आता वरचा स्क्रू आधी बसवायचा, मगच खालची नळी काढून खालचा. वर बंद असेल तर खालून गळती जेमतेम होते. दोन्ही वायसर नवे घालायचे. दहा-वीस रुपयांच्या त्या चकतीवर कंजुषी करून हजारोंचे गिअर घालवणारे प्रत्येक बंदरात भेटतात. पंखा काढलाच आहे तर दांड्याच्या खाचांनाही ग्रीस लावून घ्यावं, नाहीतर पुढच्या वेळी तो निघेलच असं नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. पर्यटकांच्या होड्याही त्याच सुमारास वर काढतात. इंजिनाला विश्रांती मिळते असं आपल्याला वाटतं. खरं तर चालू इंजिनापेक्षा बंद इंजिन जास्त गंजतं. पावसाळ्यात हवेची आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांखाली सहसा उतरतच नाही, तेव्हा आत राहिलेला मिठाचा प्रत्येक कण दोन महिने ओला राहणार. म्हणून शेवटची धुलाई नेहमीपेक्षा निवांत. कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात पेट्रोलची नळी काढून त्यातलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतात. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि साचून राहिलं तर पितळी जेटमध्ये हिरवट घाण करतं. इंजिन बंद व्हायच्या आधी हवेच्या वाटेने फॉगिंग ऑइल फवारायचं, म्हणजे सिलिंडरच्या लोखंडी भिंतींवर, पिस्टनच्या कड्यांवर, बेअरिंगांवर तेलाचा थर बसतो. पांढऱ्या धुराचा लोट निघतो, शेजारी बोंब मारतात, तेवढं सोसावं. इंजिन उभंच ठेवावं, आडवं किंवा उचललेलं नाही. उभ्या इंजिनातलं पाणी आपोआप निथळतं, उचललेल्यात पंख्याच्या मधून पावसाचं पाणी शिरून साचतं. प्लास्टिकच्या कागदात गच्च गुंडाळायचं नाही. आतली वाफ आतच राहते.

बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, इंजिन पुन्हा लावलं की आधी जुनं तेल जळून धूर येईल, त्याची चिंता नको. लक्ष ठेवायचं ते मागच्या बारीक भोकातून येणाऱ्या पाण्याच्या धारेवर. पंप चालतोय आणि पाणी वर पोचतंय याची ती एकमेव खूण. दोन महिने एकाच जागी दबून राहिलेल्या रबरी चक्राची पाती वाकडीच राहिलेली असू शकतात. काही सेकंदांत धार आली नाही तर इंजिन लगेच बंद करायचं. पण पंप खोलायला घेण्याआधी त्या भोकात एक तार घालून बघावी. अ‍ॅनोड नवा, ग्रीस ताजं, पंप उत्तम असूनही धार न येण्याचं कारण पुष्कळदा एवढंच निघतं, की पावसाळ्यात कुंभारीण माशीने तिथे मातीचं घर बांधलेलं असतं.